पत्र्याखालची सही

भादव्यातल्या त्या शनिवारी सदू मास्तर खाडी उतरत होता तेव्हा चिखल मांडीपर्यंत होता. धोतर त्यानं डोक्याला गुंडाळलं होतं, कोट आणि वहाणा मागून येणाऱ्या बायकोच्या, ठमाच्या, टोपलीत होत्या आणि शाईची दौत सुतळीला बांधून त्यानं दातांत धरली होती. दातांत दौत, म्हणून त्याला बोलता येत नव्हतं. ठमाला येत होतं.

"तरीनं गेलो असतो तर पाय तरी धड ऱ्हायलं असतं," ती मागून म्हणाली. कालवाच्या शिंपीनं तिची टाच कापली होती आणि प्रत्येक पावलाला खारं पाणी तिथं झोंबत होतं.

तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, होती. पण तरीवाला त्यांना सगळ्यांच्या शेवटी घेई, इकडची तिकडची माणसं संपली की मग. आणि सभा अकराची. सुकतीला, पाणी ओसरलं की, पायी उतरलेलं बरं, असं सदू मास्तरनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. पाच वर्षांत त्याची एक सभा चुकली नव्हती.

सदू मास्तर हा वेरळखारच्या महारवाड्यातल्या बोर्डाच्या शाळेचा हेडमास्तर. शाळेत दुसरा मास्तर नाही, शिपाई नाही. तेव्हा हेडमास्तर तोच, घंटा वाजवणारा तोच. शाळा सारवायची ती ठमा. बावीस पोरं पटावर. त्यांच्या मागच्या सात पिढ्यांत कुणी अक्षर गिरवलं नव्हतं, आणि आता त्यातली चौघं जण पाटलाला आलेलं पत्र रस्त्यात अडवून वाचून दाखवण्याइतकी तयार झाली होती. पाटलाला ते आवडत नसे. ठमाला फार आवडे.

दर इंग्रजी महिन्याच्या पहिल्या शनिवारी भोवतालच्या अकरा शाळांच्या हेडमास्तरांनी देवशेतला, केंद्राच्या शाळेत जमायचं, असा बोर्डाचा नियम होता. तिथं वरून आलेली आज्ञापत्रकं वाचून दाखवायची, शिकवण्याची नवी रीत नमुन्याचा पाठ घेऊन समजावायची, कुणाला अडचण असेल तर विचारायची. बोर्डाच्या कागदात ह्या सभेला 'हेडमास्तरांच्या मदतीची सभा' असं म्हटलेलं असे.

देवशेत आलं. सदूनं ओढ्यावर पाय धुतले, धोतर नेसलं, कोट चढवला, वहाणा मात्र हातातच घेतल्या, कारण वाट बामणआळीतून होती. शाळेच्या गडग्यापाशी दोघं वेगळी झाली. ठमाच्या टोपलीत पानाखाली चिंबोऱ्या होत्या. त्या मोहल्ल्यात तांदळाच्या बदल्यात देऊन ती परत आली आणि गडग्याबाहेर उंडीच्या झाडाखाली घोंगडीची खोळ करून उभी राहिली. पाऊस असा लागला होता की आळीच्या टोकाचं आंब्याचं झाड दिसत नव्हतं.

शाळेची इमारत मोठी, कौलारू. आत जाजम. जाजमावर दहा हेडमास्तर. टोकाला उर्दू शाळेचे नजमुद्दीन मास्तर, त्यांच्याजवळ जाजमाची कड दुमडलेली. आणि बाहेर, ओटीला लागून गडग्यापर्यंत उतरता पत्रा टाकला होता. शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांचं घोडं बांधायला तो केलेला. साहेब आता मोटारीतून येऊ लागले तसं घोडं गेलं, खुंटा राहिला. त्या खुंट्याशेजारी एक धोंडा होता. अकरावा हेडमास्तर तिथं बसे.

ठमाला तो पाठमोरा दिसत होता. पाठ सरळ, मांडीवर वही, दौत उघडलेली. आत कुणीतरी उभं राहून वाचत होतं. तोंड हलताना दिसत होतं. पण पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. बाहेर झाडाखाली तिला स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता, तर पत्र्याखाली काय असेल. सदूनं एक हात कानामागं धरला. मग पुढं झुकला. मग धोंड्यावरून उठून ओटीच्या पायरीपर्यंत गेला, तसा आतून कुणाचा तरी हात वर झाला आणि हलला. तो पुन्हा धोंड्यावर येऊन बसला. वही कोरी होती.

पुढं नमुन्याचा पाठ झाला. फळा खिडकीत उभा केला होता. आतल्यांना त्याची लिहिलेली बाजू, बाहेरच्याला पाठ. अर्धा तास सदू मास्तर फळ्याच्या पाठीकडे बघत बसला.

शेवटी शिपाई बाहेर आला. रघू त्याचं नाव. त्यानं ओटीवरूनच एक सुटा कागद खाली धोंड्यावर टाकला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा. पत्रकांच्या वहीवर दहा जणांनी सही करायची आणि अकराव्यानं कागदावर, मागून तो कागद खळीनं वहीत चिकटवायचा. ही युक्ती केंद्राचे हेडमास्तर गणपुले ह्यांची. कागदाला विटाळ नसतो, वहीला असतो, असं ते हसून सांगत.

कागदावर एवढंच होतं : आज्ञापत्रके क्रमांक अमुक ते तमुक वाचून दाखविली, ऐकिली व समजली.

"काय वाचलं रं?" सदूनं विचारलं.

"न्हेमीचंच काय तरी. कापणीचं का लावणीचं," रघू म्हणाला.

सदू पायरीखाली जाऊन उभा राहिला. "हेडमास्तरसाहेब," तो मोठ्यानं म्हणाला, "पावसामुळं नीट ऐकू आलं नाही. वही क्षणभर बघायला मिळाली तर उतरून घेतो."

गणपुले दारात आले. गोरे, पोट सुटलेले, कानात अत्तराचा बोळा. ते बाकी सगळ्यांना रावजी, अण्णा, खानसाहेब म्हणत.

"सदू," ते म्हणाले, "एकेक पत्रक दोनदोनदा वाचायला मी काय कीर्तनाला उभा राहिलोय? तुझ्यासारख्या शाळेला लागेल असं त्यात काही नाही. कर सही. भरती लागेल तुझ्या खाडीला, मग बसशील रात्रभर."

आत दोघेतिघे हसले. नजमुद्दीन मास्तर छत्री शोधत होते. सदूनं टाक बुडवला आणि सही केली. सही त्याची सुरेख होती. ट्रेनिंग कॉलेजात वळणाला पहिला नंबर आला होता त्याचा.

परतीच्या वाटेला ठमानं विचारलं, "काय ऐकलंत?"

"पाऊस," सदू म्हणाला.

*

दसऱ्यानंतर भातं पिकली. खारीकडची आधी, मग डोंगराकडची. महारवाड्यात म्हाताऱ्या आणि तान्ही सोडली तर माणूस दिसेना. खोताची शेतं कापायची, मग बांधावरचा आपला तुकडा. बाप कापतो, आई कापते, पोरगं पेंढ्या बांधतं, पोरगी धाकट्याला सांभाळते. शाळेची घंटा वाजे आणि सारवलेल्या जमिनीवर तीन पोरं बसत. त्यातलं एक पायानं अधू होतं.

बोर्डाचा एक नियम मात्र सदू मास्तरला नीट ठाऊक होता, कारण तो छापून भिंतीला लावलेला होता. तिमाहीची सरासरी हजेरी पंधराच्या खाली गेली तर शाळा बंद.

तेव्हा तो पहाटे उठून शेताशेतांतून हिंडू लागला. दव असे, बांधावरचं गवत पोटऱ्या ओल्या करी. ह्या बांधावरून हाक, त्या बांधावरून हाक. "केसरबाई, तुझ्या पोराला सोड गं दोन तास." केसरबाई कंबर न उचलता म्हणे, "मास्तर, तुमी इळा धरता का त्याच्या वाटणीचा? धरा आनि न्या त्याला." एकदा त्यानं खरंच धरला. कोट बांधावर ठेवून दुपारपर्यंत कापलं, तळहाताला फोड आले, आणि ते पोर शाळेत जाऊन बसलं तर शिकवायला मास्तर नाही.

आपल्या घरचं मूल आधी, म्हणून रंगूला त्यानं खोताच्या शेतातून उठवलं. नऊ वर्षांची पोर. आईमागं पेंढ्या बांधत सरकत होती.

"जा गं," ठमा म्हणाली आणि पोरीच्या हातातली पेंढी बांधायची वेठ आपल्या हातात घेतली. म्हणजे आता कापायचंही तिनं आणि बांधायचंही तिनं. सासू, बायजा, शेजारच्या ओळीत होती. ती नुसती थुंकली.

दिवस वर आला. ठमाची ओळ मागं पडली. बाकीच्या बाया दहा हात पुढं आणि ती मागं एकटी, अशी सगळ्या शेताला दिसू लागली. खोताचा कारभारी येसाजी बांधावर छत्री उघडून उभा होता.

"मास्तरीणबाई दमल्या वाटतं," तो म्हणाला. "अरं, कुणीतरी त्यांना सावलीत खुर्ची द्या."

बाया हसल्या. ठमानं विळा चालवला. घाम डोळ्यांत गेला, पात्याची धार करंगळीला लागली; तिनं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा मूठ धरली.

"उद्यापासनं येऊ नकोस," येसाजी निघताना सहज म्हणाला. "काम दोघींचं लागतं मला, आनि येतं एकीचं. शिका तुमी. पोटं भरा शिकून."

त्या वर्षी खोताच्या खळ्यावरच्या मजुरीच्या पेंढ्या ठमाला मिळाल्या नाहीत. ती खाडीत कालवं फोडायला जाऊ लागली. बोटांची सालं निघाली.

संध्याकाळी सदू हजेरीपट घेऊन बसे. बावीस नावं. एकोणीस नावांपुढं तो 'ग' लिही, गैरहजर. एकेक ग वळणदार, सुबक.

"लिवा की हजर," ठमा एकदा म्हणाली. "कोन बघतंय?"

"कुणी बघत नाही म्हणूनच लिहायचं नाही," सदू म्हणाला. "दुसऱ्या कुणाची चूक सापडली तर ती त्याची चूक. माझी सापडली तर म्हणतील, ह्यांची जातच अशी."

"आनि शाळा मोडली म्हंजी?"

"सांगेन साहेबाला. सगळीकडे तेच असणार. कापणी काय एकट्या वेरळखारला आहे?"

हे मात्र ठमाच्या मनातून जाईना. खाडीच्या काठावर कालवं फोडताना पलीकडची शेतं दिसत. भर दुपारी, शाळेच्या वेळेला, देवशेतची पोरं घोळक्यानं शेतात. बामणांची, कुणब्यांची, आगऱ्यांची. एकही मास्तर बांधावर हाका मारत फिरताना दिसला नाही.

"त्यांची शाळा न्हाय व्हय?" तिनं घरी येऊन विचारलं.

"त्यांचे मास्तर ढिले," सदू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा तोरा होता. त्या तोऱ्याची आठवण पुढं त्याला फार जाळत राहिली.

*

माघात पाटलाच्या माणसानं लखोटा आणून उंबऱ्याबाहेर टाकला. शाळेची तिमाही सरासरी तेरा भरल्यामुळे ती एकतीस मार्चपासून बंद करण्यात येत आहे. मुलांची सोय वेरळखार येथील मुख्य शाळेत होईल.

मुख्य शाळेतली सोय सगळ्यांना ठाऊक होती. मागच्या अंगाला, केळीच्या आळ्याजवळ, गोणपाट. मास्तर खिडकीतून पाटी बघतात, तीही आठवड्यातून एकदा, आणि चूक असली तर खिडकीतूनच खडे मारतात. सदू स्वतः तिथंच शिकला होता. त्याच्या भुवईवर अजून खूण होती.

रंगूनं कागद वाचला. मोठ्यानं, अडखळत, शेवटपर्यंत वाचला, आणि विचारलं, "आबा, सोय म्हंजी काय?"

सदू उठला आणि खाडी उतरून देवशेतच्या मोहल्ल्यात नजमुद्दीन मास्तरांकडे गेला. ठमाही गेली, तिला राहवेना. नजमुद्दीन मास्तर पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सदूला बाकावर बसायला सांगितलं. ठमाला आतून त्यांच्या बायकोनं, हुस्नबानूनं, पाट दिला. ठमा पाटावर बसली नाही, पण तो आला हे तिनं लक्षात ठेवलं.

"तेरा? कशी तेरा झाली?" नजमुद्दीन मास्तर म्हणाले. "सुगीची सुट्टी नाय घेतली तुम्ही?"

"कसली सुट्टी?"

नजमुद्दीन मास्तरांचा अडकित्ता थांबला. मग ते उठले, पेटीतून वही काढली आणि सदूच्या हातात दिली. सरळ हातात. आज्ञापत्रकाची नक्कल होती. प्रत्येक हेडमास्तरानं आपापल्या गावच्या कापणीच्या मानानं तीन आठवडे सुट्टी ठरवावी, तारखा केंद्रामार्फत कळवाव्या. त्या दिवसांची हजेरी सरासरीत धरली जाणार नाही. शाळा बंद पडू नयेत म्हणून ही सवलत आहे.

"भादव्यातल्या सभेत वाचलं की," नजमुद्दीन मास्तर हळू आवाजात म्हणाले. "तुमची सही पण हाय त्याच्यावर. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"मी आत होतो, मास्तर. आतसुद्धा नीट नव्हतं येत. मी मागून वही घेऊन उतरवलं."

सदूनं नक्कल करून घेतली, वही मिटली, दोन्ही हातांनी परत दिली, उपकार झाले म्हणाला. वाटेत राग असा त्याच्या अंगावर कुठं दिसलाच नाही. तो सगळा ठमाकडे आला. तिचे कान तापले. घरी येऊन तिनं मुसळ उचललं आणि उखळात भात होतं की नव्हतं हे न बघता कांडायला लागली.

"फुटंल ते उखळ," बायजा म्हणाली.

"फुटू दे."

"पोरी, आपलं असंच असतं गं."

"असंच न्हाय," ठमा म्हणाली. "पोरांला हाका मारून मारून त्यांच्या घशातनं रगत यायचं ऱ्हायलं. खोतानं मला सगळ्या बायांम्होरं शेतातनं काढलं. आनि सुट्टी व्हती. कागदावर व्हती, आत्याबाई. आमच्यासाठीबी व्हती. नुसतं मोठ्यानं बोलायचं व्हतं त्या मेल्याला."

बायजानं सुनेच्या हातून मुसळ काढून घेतलं आणि स्वतः कांडू लागली.

सदूनं अर्ज केला. चार ओळींचा, स्वच्छ. उत्तर आलं : फाल्गुनातल्या सभेस साहेब जातीनं येणार आहेत, तिथं आपलं म्हणणं ऐकून घेतील.

*

फाल्गुनात भात काढलेल्या शेतांत वाल तयार होतात. ओल जमिनीत उरते तिच्यावरच येतात ते. त्या वर्षी बरे आले होते. ठमानं ते उपटले, वाळवले, बडवले, आणि सभेच्या दिवशी टोपलीभर घेऊन निघाली. कोळणींना वाल द्यायचे आणि पावसाळ्याचं सुकट घ्यायचं. टोपलीत वर सूप पालथं. ठमाचा शनिवार होता. शनिवारी ती दिवस मावळेपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नसे. मारुतीच्या देवळात तिला पाऊल टाकता येत नव्हतं, पण उपास धरायला देऊळ लागत नाही.

देवशेतला आल्यावर ती बाजाराकडे गेलीच नाही. गडग्याबाहेर टोपली उतरवून उभी राहिली.

साहेब आले होते. डिप्टींचे असिस्टंट. तरुण, चष्मा, बोलणं मऊ. त्यांनी आल्याबरोबर छोटं भाषण केलं. ही सभा तुमच्यावर देखरेख करायला नाही, तुमच्या मदतीला आहे. कोपऱ्यातल्या लहान शाळेचा हेडमास्तरही एकटा नाही. जुना काळ आता राहिला नाही. ठमाला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आकाशात ढग नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं.

मग ओटीवर खुर्ची मांडली गेली. सदू खाली पत्र्याच्या कडेला उभा. गणपुल्यांनी वही आणली आणि खळीनं चिकटवलेला कागद दाखवला.

"ही सही तुमचीच?" साहेबांनी विचारलं.

"माझीच."

"ऐकिली व समजली, असं लिहिलंय वर."

"सही केली, साहेब. ऐकू आलं नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे न ऐकता सही केलीत. हेडमास्तर आहात ना? उद्या मुलांना काय सांगाल? ऐकलं म्हणालात तर हयगय, नाही ऐकलं म्हणालात तर खोटी सही. मी कोणतं लिहू?"

सदूच्या भुवईवरची खूण पांढरी झाली होती.

"वही मागितली होती," तो म्हणाला. "मिळाली नाही."

"तो नेहमीच मागतो," गणपुले म्हणाले. "ह्याला सगळं चार वेळा लागतं. इतर दहा जणांना ऐकू येतं. ह्यालाच येत नाही."

"त्या दिवशी पाऊस होता, साहेब," आतून कुणीतरी म्हणालं. नजमुद्दीन मास्तर उठून उभे राहिले होते. "पत्र्यावर फार वाजतो. मला आत बसून नाय आलं."

गणपुल्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नजमुद्दीन मास्तर बसले नाहीत.

साहेब न्यायी म्हणवून घेणारे होते. "ठीक," ते म्हणाले. "बघूनच घेऊ." आणि धोतराचा सोगा सावरत ओटीच्या पायऱ्या उतरून ते पत्र्याखाली गेले. सदू बाजूला सरला. साहेबांनी धोंड्याकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं, आणि उभेच राहिले. "वाचा, गणपुले. कुठलंही पत्रक."

गणपुले जाजमावरून वाचू लागले. क्रमांक दोनशे चौदा, शाळेच्या आवारात झाडे लावण्याबाबत. अक्षरन् अक्षर बाहेर येत होतं. गडग्यापर्यंत येत होतं.

"येतंय की ऐकू," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "चांगलं येतंय. आता मला सांगा, सदू, मी काय करू?"

आत कुणीतरी तपकीर ओढली. सदूनं कोरड्या आकाशाकडे पाहिलं. पाऊस कुठून आणायचा होता त्यानं.

गडग्याबाहेर ठमानं सूप उचललं. पत्र्याची मागची कड गडग्याला टेकली होती, तिच्या खांद्याइतकी. तिनं टोपलीतून सूपभर वाल घेतले. एक क्षण ती थांबली. खायचं धान्य, पावसाळ्याचं सुकट त्यात होतं. दोन दाणे उचलून तिनं कपाळाला लावले आणि मग सूप पत्र्यावर झटकलं.

घोडं उधळावं तसा आवाज झाला. दाणे पत्र्यावर आपटले, उडाले, पन्हळीपन्हळीतून गडगडले आणि बाजूच्या कडेवरून साहेबांच्या समोर अंगणात पडले. साहेब दचकून मागं सरले. तोवर दुसरं सूप. मग तिसरं. ती कुणाकडे बघत नव्हती. सूप भरायचं, झटकायचं, भरायचं, झटकायचं. खोताच्या शेतात मागं पडलेली ओळ तिच्या हातात आली होती, कालवांनी सोललेली बोटं आली होती. वाल संपेपर्यंत ती थांबणार नव्हती.

गणपुले आत वाचतच होते. त्यांना कळलं नव्हतं काय चाललंय ते. तोंड हलताना दिसत होतं. साहेबांनी एक हात कानामागं धरला. मग पुढं झुकले. मग ओटीच्या पायरीपर्यंत गेले.

"काय?" ते ओरडले. "काय म्हणालात?"

आणि मग आपला हात कुठं आहे ते त्यांचं त्यांनाच दिसलं. त्यांनी तो खाली घेतला.

टोपली रिकामी झाली. शेवटचे चारसहा दाणे पत्र्यावरून टणटणत आले आणि थांबले. सगळं एकदम इतकं शांत झालं की रघूच्या हातातला कागद फडफडलेला ऐकू आला. रघू सवयीनं, सभा संपल्यावर आणायचा तो सुटा कागद घेऊन ओटीच्या कडेला आला होता.

सदूनं पुढं होऊन तो त्याच्या हातातून घेतला. धोंड्यावर ठेवला. वर खडा ठेवला. कोटाच्या खिशातून दौत काढली, बूच उघडलं, टाक बुडवला आणि साहेबांच्या पुढं धरला. आवाज त्यानं चढवला नाही.

"ऐकिली व समजली, असं लिहिलंय वर," तो म्हणाला. "साहेब, सही करा."

साहेबांनी टाक घेतला नाही. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला आणि अंगणात पडला.

"कोण आहे ती बाई?" गणपुले दारात येऊन म्हणत होते. "रघू, काढ तिला. आवार बाटवलं सगळं."

"मी भायेरच हाय," ठमा गडग्यापलीकडून म्हणाली. "आत वाल गेलेत. त्यांला काढा."

*

शाळा बंद झाली नाही. हुकूम आला तो असा : सरासरीचा फेरविचार होईपर्यंत शाळा चालू ठेवावी. चुकलं कुणाचं, त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. गणपुल्यांना कुणी काही विचारलं नाही. नजमुद्दीन मास्तरांची वर्षअखेरीला लांब बदली झाली; ती नेहमीचीच, असं सगळे म्हणाले. त्या पावसाळ्यात सदू मास्तरच्या घरी सुकट नव्हतं.

धोंडा तिथंच राहिला, आणि सदू मास्तर त्याच्यावरच बसत राहिला. फरक पडला तो एवढाच की पत्रकाची नक्कल आता सह्यांच्या कागदाबरोबर बाहेर येई, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याखेरीज तो दौत उघडत नसे. आतले दहा जण तोवर खोळंबून बसत.

ठमाही दर महिन्याला येत राहिली. पदराच्या टोकाला मूठभर वाल बांधलेले असत. ती ते कधी सोडत नसे. गाठ दिसेल अशी पुढं घेऊन गडग्यापाशी नुसती उभी राही. आत वाचणाऱ्याची नजर एकदा खिडकीतून तिच्याकडे जाई, आणि त्याचा आवाज चढे.